नवी बॅटरीही मेली

"दिल्या, गारी परत मेली."

सकाळी सकाळी गणपतशेठचा फोन. माझा चहा हातातच राहिला. त्या गाडीत नवीकोरी बॅटरी मी आदल्याच दिवशी बसवली होती, आणि "आता बॉनेट उघडायचं विसरून जा" असं सांगूनही आलो होतो.

एरवी "वायरिंग जुनं आहे, शेठ" म्हणून वेळ मारून नेली असती. आम्हा ऑटो इलेक्ट्रिशियन लोकांना हे वाक्य फार उपयोगी पडतं. पण शेठची वैशाली पहिल्या बाळंतपणाला भिवंडीजवळच्या कोनला माहेरी आली होती. बीपी वाढलेलं. ठाण्याच्या डॉक्टरांनी बजावलेलं, डोकं दुखायला लागलं की घरी थांबायचं नाही, थेट निघायचं. आणि निघायचं ते याच जुन्या, सेकंडहँड पेट्रोल गाडीतून.

स्कूटरच्या फूटबोर्डवर चार्ज केलेली बॅटरी ठेवली, मीटर घेतला आणि निघालो. शेठ ओट्यावर उभेच होते.

"नवीन बॅटरी टाकली का टेन्शन न्हाय, कोन बोल्लेला?"

"बघतो ना, शेठ."

"बगतो काय? कालपन बगलास!"

वैशाली दारात खुर्चीवर बसली होती. "दिलीपदादा, डॉक्टरांना सांगून तारीख पुढे ढकलू का?" ती हसली. मला हसू आलं नाही.

बॅटरी म्हणजे गच्चीवरची टाकी समजा. अल्टरनेटर म्हणजे ती भरणारा पंप. इंजिन चालू असेल तेव्हाच चालतो. सकाळी टाकी रिकामी सापडली, तर टाकी गळकी, पंप बंद, नाहीतर रात्रभर एखादा नळ उघडा. टाकी नवी होती. पंप मी कालच तपासला होता. म्हणजे नळ!

माझी बॅटरी जोडली, मधे मीटर लावला. इग्निशन बंद, तरी करंट वाहतोय. शेठच्या पुतण्याने लावलेली म्युझिक सिस्टिम मी तिथल्या तिथे गुन्हेगार ठरवली आणि उपटून काढली. काटा हलला नाही. मग एकेक करत सगळे फ्यूज काढले. काटा तिथेच. पुतण्या माझ्याकडे असा बघत होता, की मी वर पाहिलंच नाही.

तेवढ्यात दारातून आवाज आला. "आई, डोकं दुखतंय गं."

तिची आई, आमच्या काकी, बॅग आणायला आत पळाल्या. मी वाकून आधाराला हात टेकला, तो अल्टरनेटरवर. गरम! सकाळपासून इंजिन चालू झालेलं नाही, मग हा गरम कसा?

आणि मला कालचं आठवलं.

आदल्या दिवशी मी खेळ केला होता. गाडी चालू ठेवून बॅटरीचं टर्मिनल ओढून काढायचं, इंजिन बंद पडलं नाही, की "बघा, अल्टरनेटर ठणठणीत!" भिवंडीत अर्धे मेकॅनिक हेच करतात. ओटाभर लोक बघत होते, मला चेव चढला होता. पण टर्मिनल निघालं की करंटला जायला जागा उरत नाही, व्होल्टेज एकदम उसळतं आणि अल्टरनेटरमधला डायोड जळतो. डायोड म्हणजे पंपाचा एकेरी व्हॉल्व्ह. तो गेला, की टाकीतलं पाणी पंपातून उलटं वाहतं. उघडा नळ मीच बसवला होता.

अल्टरनेटरची जाड वायर सोडवली, टेप गुंडाळला, त्याचा प्लगही ओढला. नळ बंद झाला, पण पंपही. आता ठाण्यापर्यंत फक्त माझ्या बॅटरीवर.

"शेठ, एसी नको, दिवे नको. आणि हॉर्न नको."

"भिवंडीत हॉर्न न मारता गारी चालवू? येडा झालास काय?"

मी पुढे, मांडीवर मीटर. मागे वैशाली आणि काकी. कशेळीला कंटेनरच्या रांगेत अडकलो. इंजिन तापलं, रेडिएटरचा पंखा सुरू झाला आणि मीटर खाली घसरायला लागला. मी खिडकीतून अर्धा बाहेर निघून ओरडायला लागलो, "ओ भाई, साइड दो! डिलिव्हरी है!" हॉर्नचं काम मीच केलं. शेवटी एका कंटेनरवाल्याने गाडी कडेला घेतली.

हॉस्पिटलच्या दारात गाडी शेवटचा आचका देऊन थांबली. बीपी आटोक्यात आलं, संध्याकाळी मुलगी झाली. दोघी सुखरूप.

कॉरिडॉरमध्ये शेठना सगळं सांगून टाकलं.

"म्हंजे नवीन बॅटरी लागतच नव्हती?"

"बॅटरी लागत होती, शेठ. अल्टरनेटर लागत नव्हता. आता लागतो."

नवा अल्टरनेटर मी माझ्या पदरचा बसवून दिला. हल्ली इंजिन चालू ठेवून बॅटरीवर मीटर लावतो, चौदाच्या आसपास व्होल्ट दिसले की झालं. बघायला कुणी थांबत नाही. गाड्याही परत येत नाहीत, तेवढं धंद्याचं नुकसान.