खिडकीतला सुधीर

मी कॉलेजच्या लायब्ररीत नोकरी केली. भुताखेतांची पुस्तकं नोंदवून रॅकवर लावली, विश्वास मात्र कधी ठेवला नाही. अजूनही नाही. तरी हे लिहिते आहे...

माझा धाकटा भाऊ सुधीर ब्लॅक अँड व्हाइट फोटो काढायचा. माणसं त्यांच्या रोजच्या जागी — बाजारातली फुलवाली, नाशिकच्या द्वारका चौकातला पंक्चरवाला. स्वतः कधी कॅमेऱ्यासमोर यायचा नाही. एकदाच, स्वयंपाकघराच्या खिडकीत उन्हाला मटार सोलत बसला असताना, त्याने आईच्या हातात कॅमेरा दिला. "हे बटण दाब फक्त."

"लोकांना हसू नका म्हणतोस, अन् स्वतः दात काढतोस!" म्हणत आईने ते दाबलं.

नव्वदचं दशक संपता संपता सुधीर गेला. साध्या तापाचं निमित्त झालं.

आईला तो फोटो हवा होता. नाशिक रोडच्या आमच्या घरात बाथरूम हीच त्याची डार्करूम. त्याला काम करताना मी पाहिलं होतं, म्हणून मीच दोन प्रिंट काढल्या. त्या नादात फोटो मोठा करायच्या यंत्राचा, एनलार्जरचा, दिवा चालू राहिला आणि निगेटिव्ह उष्णतेने जळाली. एक प्रिंट आईने त्याच खिडकीत लावली, दुसरी माझ्या टेबलावर ठेवली.

काही दिवसांत माझी प्रिंट काळी पडली. सुधीरचा चेहरा दिसेना. त्याला हे काम शिकवणारे स्टुडिओवाले काका घरी आले, डार्करूममधल्या बाटल्या हुंगून पाहिल्या. हायपोचं पाकीट फोडलेलंच नव्हतं.

"ताई, हायपोतून काढल्याशिवाय फोटो पक्का होत नाही. तुम्ही नुसत्या पाण्यातून काढलेत. उजेडात काळे पडणारच."

"मग आईचा?"

ते खिडकीपाशी गेले. फोटोवर थेट ऊन होतं आणि सुधीर हसत होता. काकांनी वाकून फोटो जवळून पाहिला. मग म्हणाले, "वहिनी, निदान उन्हातून तरी काढा."

"तो उन्हातच बसला होता," आई म्हणाली. "राहू दे तिथंच."

पुढे कित्येक वर्षं तो तिथेच राहिला. मग आईही गेली. दोघांचं मिळून माझ्याकडे एवढंच उरलं — हसणारा तो, आणि त्याच्या हसण्यावरचं आईचं ते बोलणं. मला ते जपायचं होतं. फोटो काळ्या कागदात गुंडाळून कपाटात ठेवला.

वर्षश्राद्धाला बाहेर काढला, तर खालून काळं चढत आलेलं. मटारची परात गेली होती, हात गेले होते. मी धावत जाऊन तो खिडकीत लावला आणि काकांना फोन केला.

"अंधारात?" ते म्हणाले. "अंधारात कसं होईल, ताई? उजेडाशिवाय होतच नाही ते..."

काळं त्याच्या छातीपाशी थांबलं. तिथून वर सरकलेलं नाही. का थांबलं, मला माहीत नाही. हायपोचं पाकीट तसंच आहे. ते फोडून फोटो त्यात बुडवायचा धीर होत नाही.

खिडकीला मी पडदा लावत नाही. सकाळी ऊन आत आलं की चहा ठेवायच्या आधी तिकडे बघते.

हसतोय.