सुईने घेतलेला बेस

लॅबमध्ये रक्त काढणाऱ्या त्या बाईला सगळे सुई म्हणत. रक्त तिथे आणखी दोघी काढत, पण हे नाव हिलाच चिकटलं, ते तिच्या तोंडामुळे. "शीर सापडत नाहीये. जन्मात हात हलवला नाहीत वाटतं?" असं ती पेशंटला म्हणायची आणि तो उत्तर शोधेपर्यंत काम उरकून कापूस दाबलेला असायचा. हात मात्र तिचा हलका होता, हे तिचे शत्रूही कबूल करत. आणि शत्रूंची तिला वाण नव्हती. दोन तर घरातच होते.

एक सासू. घर सासूच्या नावावर आणि घरखर्च सुईचा, म्हणून दोघींपैकी कुणीच घर सोडत नव्हतं. दुसरा धाकटा दीर. त्याचा बँड होता. दर शनिवारी एका हॉटेलच्या जेवणघरात हा बँड वाजायचा. दीर गायचा आणि गिटार वाजवायचा, ड्रमवर ढोल्या असायचा आणि बेस गिटारवर सुई. मुळात बेस वाजवायचा तिचा नवरा. सरावाला तो कधी वेळेवर यायचा नाही, म्हणून ढोल्या वैतागून म्हणायचा, "वहिनी, तो येईपर्यंत तुम्हीच धरा." घरी नवऱ्याचं ऐकून ऐकून तिला सगळी गाणी पाठ होती. मग एक दिवस नवरा एका बाईबरोबर राहायला निघून गेला. जाताना त्याने बेस आठवणीने नेला, आईची औषधं आणायची तेवढी राहिली. तेव्हापासून सुई ढोल्याच्या मावसभावाचा बेस मागून आणून वाजवत होती.

आता त्या मावसभावाला त्याचा बेस परत हवा होता. शनिवारच्या आत दुसरा मिळवायचा, नाहीतर बँडमधली जागा गेली. दिराने हे तिला जेवताना सांगितलं, आणि सांगताना त्याने दुसऱ्यांदा आमटी वाढून घेतली.

"दादाने त्याचा विकायला काढलाय," तो म्हणाला.

"घरातलीच वस्तू आहे," सासू म्हणाली. "बाहेरच्याला पैसे देण्यापेक्षा त्याला दे. त्याची ओढाताण चाललीय."

"माझीही चाललीय. ती तुमच्या डोळ्यांदेखत चालते म्हणून दिसत नाही."

दुसऱ्या दिवशी लॅब सुटल्यावर ती आधी वाद्यांच्या दुकानात गेली. रविवारी घरोघरी जाऊन रक्त काढल्याचे पैसे तिने बाजूला ठेवले होते. त्यात नव्यांपैकी सगळ्यात स्वस्त बेस बसत होता, तोही जेमतेम. काळा, चकचकीत, वजनाला हलका. विक्रेत्याने तिच्याकडे पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं.

"मुलासाठी बघताय का, मॅडम?"

"नाही. नवऱ्याच्या डोक्यात घालायला. पण हा फारच हलका आहे."

तो हसला नाही. सुईने बेस मांडीवर घेतला. तारा इतक्या उंच ताणलेल्या होत्या की दाबताना बोटं दुखत होती. नेकवर, म्हणजे बोटं फिरतात त्या लांब दांडीवर, धातूच्या आडव्या पट्ट्या असतात. त्यांची टोकं कडेला बाहेर आलेली होती आणि हात सरकवला की करवतीसारखी लागत होती. आवाज ठीक होता. ठीक म्हणजे ठीकच, त्यात जीव नव्हता.

"या किमतीत असंच येतं," विक्रेता म्हणाला. "परवडत नसेल तर जुना बघा ना कुठेतरी."

"तुम्हाला सल्ल्याचे वेगळे पैसे मिळतात का?" असं विचारून ती बाहेर पडली. पण सल्ला तिला पटला होता, याचाच तिला जास्त राग आला. नवऱ्याचा बेस चांगला होता. जड लाकडाचा होता आणि त्याचा खालचा सूर पोटात घुमायचा. त्याची खोड न खोड तिला माहीत होती. अनोळखी नव्यापेक्षा ओळखीचा जुना बरा, असं स्वतःला बजावत ती त्याच्या पत्त्यावर गेली.

टायरच्या दुकानावरची खोली होती. दार त्या बाईने उघडलं.

"चहा घेणार का?" बाईने विचारलं.

"नको. तुमच्या हातचा पिऊन एकजण परत आला नाही."

बाई तोंड फिरवून आत गेली. नवरा पलंगावर बसून होता. त्याने उठून बसायला सांगितलं नाही आणि तिनेही वाट पाहिली नाही. बेस खिडकीखाली भिंतीला टेकवून ठेवलेला होता, उन्हात. तिने तो उचलला, डोळ्याजवळ धरला आणि नेकवरून टोकाकडे नजर लावली.

दांडीच्या दोन्ही कडा समांतर दिसायला हव्यात. त्या तशा नव्हत्या. दांडी पिळलेली होती, ओला टॉवेल सुरुवातीला पिळावा तशी, अगदी थोडी. नुसती वाकली असती तर आतली सळई फिरवून सरळ करता आली असती. पीळ सळईने निघत नाही. तिने एकेक पट्टी दाबून पाहिली. सातव्या पट्टीपर्यंत आवाज तोच, पोटात घुमणारा. त्याच्या वर बारीक तार फरफरायला लागली आणि दोन सूर तर मेलेलेच निघाले.

"वर्षानुवर्षं उन्हात ठेवलास," ती म्हणाली. "नेक पिळलीय."

"तुझे कान पिळलेत. मला तर नीट ऐकू येतं."

"तुला तू सोडून काय ऐकू येतं?"

त्याने किंमत सांगितली. दुकानातल्या नव्याच्या किमतीला ती टेकलेली होती.

"पिळलेल्या लाकडाला एवढे?"

"लाकडाला नाहीत," नवरा म्हणाला आणि आता पहिल्यांदा नीट सरसावून बसला. "तू घेतलास तर माझ्याकडे बेस राहणार नाही. नाही घेतलास तर मंगळवारी सरावाला मी येतो. आईने बोलावलंय. धाकटा तर तयारच आहे."

तेव्हा तिला जेवतानाची ती दुसऱ्यांदा वाढून घेतलेली आमटी समजली. मायलेकांचं आधीच ठरलेलं होतं. सासूला दोन्हीकडून फायदाच होता. एक तर मुलाला पैसे, नाहीतर मुलाला जागा. आणि बोलून चालून तो तिच्यापेक्षा सरस वाजवायचा. हे तिने कधी तोंडाने म्हटलं नव्हतं, पण तिला ते ठाऊक होतं आणि त्यालाही. पैसे पर्समध्येच होते. ते दिले की वाट मोकळी. मग आयुष्यभर सातव्या पट्टीच्या खालीच वाजवायचं, आणि दर शनिवारी तो पीळ हातात घेऊन उभं राहायचं.

"ये मंगळवारी," ती म्हणाली. "वेळेवर आलास तर बघू."

ती थेट दुकानात परत गेली. विक्रेता शटर ओढायच्या बेतात होता. तिने आत पाय ठेवला. "तोच काळा. पट्ट्यांची टोकं इथेच घासून द्या, तारा खाली घ्या, मग पैसे देते."

"ते काम वेगळं असतं, मॅडम. मशीनवर..."

"कानशीने होतं. मागे तुमचा कारागीर बसलाय, मघाशी खोकला ऐकला मी त्याचा. बोलवा."

कारागीर शिव्या पुटपुटत घासत बसला आणि ती समोर उभी राहून प्रत्येक टोकावरून बोट फिरवत राहिली. "हे राहिलं. हेही." शेवटी विक्रेत्याने हात जोडले. नमस्कारासाठी नव्हेत.

ढोल्याचं रंगाच्या डब्यांचं गोदाम होतं. मंगळवारी त्यावरच्या सरावाच्या खोलीत ती पोचली, तर तिच्या स्टुलावर नवरा बसला होता. दीर त्याच्या बेसची वायर जोडून देत होता.

"दादा आलाय," दीर म्हणाला. "वहिनी, तुम्ही दमता हल्ली."

"भाऊजी, मी कधी दमते ते मी सांगेन."

"आधी वाजवू दे त्याला," ढोल्या म्हणाला.

नवऱ्याने वाजवलं. छानच वाजवलं. सुरुवातीलाच असा काही झोका दिला की ढोल्याची मान आपोआप डोलली. मग गाणं वर चढलं. सातव्या पट्टीच्या वर तार फरफरली, एक सूर मेला, मग दुसरा. नवरा झटकन खालच्या सुरांवर उतरला आणि तिथून पुढे खालीच राहिला. दीर जोराने गाऊन ते झाकत होता.

ढोल्याने काठ्या मांडीवर ठेवल्या. "नेक गेलीय तुझी."

"करून घेईन."

"कधी?"

"बघतो."

"आणि शनिवारी?"

"शनिवारी येतो. बहुतेक."

"तुझं हे 'बघतो' आणि 'बहुतेक' ऐकत मी म्हातारा झालो," ढोल्या म्हणाला. "ही बाई वाजवते तुझ्यापेक्षा कमी आणि बोलते विषासारखं. पण शनिवारी ही इथे असते. आणि ही खोली माझी आहे." त्याने काठी दाराकडे दाखवली.

"आईला काय सांगू?" दीर म्हणाला.

"सांग, ढोल्या बुडाला. खूश होतील," ढोल्याच म्हणाला.

नवरा वायर न काढताच बसून राहिला. सुई त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. "ऊठ."

तो उठला. जाताना त्याचा खांदा तिला लागला, मुद्दाम की चुकून हे कळलं नाही. तिने वायर त्याच्या बेसमधून उपटून आपल्या बेसला लावली. पहिला सूर पातळ आला. दुसराही. नव्या तारा बोटांना परक्या लागत होत्या आणि दोनदा तिचं बोट घसरलं. ढोल्याने भुवया उंचावल्या.

दिराने गाणं मुद्दाम घाईत उचललं, तिला पेलू नये इतक्या घाईत. सुई त्याच्याकडे बघतसुद्धा नव्हती. ती ढोल्याच्या ड्रम ठोकणाऱ्या पायाकडे बघत होती आणि त्या पायाबरोबर तिचा सूर, पातळ तर पातळ, ठेक्यावर नेमका पडत होता.