अप्पांचा चांगला दात

आमचे अप्पा, म्हणजे बाळाप्पा, कुणावर म्हणून विश्वास ठेवत नसत, आणि रेल्वे त्यांना त्याचाच पगार देत असे. हुबळी स्टेशनात गाडी लागली की लांब दांड्याची हातोडी घेऊन ते चाकांना ठोके देत जायचे. चाक शाबूत असलं की खणखणीत वाजतं, तडा असला की बद्द. घरी आले तरी हातोडी त्यांच्या हातातून सुटत नसे. माणसाला आज एक प्रश्न विचारायचे, उद्या तोच पुन्हा, आणि उत्तराचा नाद बदलला का ते ऐकायचे. आमच्या आईनं, लक्कव्वानं, जन्मभर प्रत्येक उत्तर दोनदा दिलं.

१९७९ साली मला बेंगळूरला दंतवैद्यकाला सीट मिळाली. फी शिष्यवृत्तीत भागणार होती; हॉस्टेल, पुस्तकं आणि हत्यारं मात्र पदरची. हत्यारं ज्यानं त्यानं विकत घ्यायची, हे ऐकूनच अप्पांच्या भुवया वर गेल्या.

"फिटरला कुणी पाना घरनं आणायला सांगतंय काय?"

बँक कर्ज द्यायला तयार होती, पण जामीन म्हणून अप्पांची सही हवी होती. पंधरवड्यात ती झाली नाही तर सीट दुसऱ्याच्या पदरात पडणार होती. अप्पा म्हणाले, "बघू." त्यांचं 'बघू' म्हणजे चौकशी सुरू.

सुट्टीच्या दिवशी ते लॅमिंग्टन रोडवर, डॉक्टर शेषगिरींच्या दातांच्या दवाखान्यासमोर चहाच्या दुकानात जाऊन बसले. दवाखान्यात कुणी फिरकेना. डॉक्टर आपले पेपर वाचत बसलेले.

"दात दुखला की लोक लवंग धरतात, तंबाखू धरतात, देवाला धरतात," घरी येऊन ते म्हणाले. "डॉक्टर सगळ्यात शेवटी. मग भागीरथी, तू हप्ता कशातनं फेडणार?"

एवढ्यानंही समाधान झालं नाही. दुसऱ्या दिवशी ते आतच शिरले. पण आत शिरायचं तर काहीतरी दुखणं हवं. शेवटी त्यांनी एक धडधाकट दाढ दाखवली आणि कानडीत सांगितलं, ही काढा. डॉक्टरांनी आरशाच्या दांड्यानं दाढेवर हलकेच ठोका दिला, हसले, आणि म्हणाले, दगडासारखी आहे, घरी जा. पैसेही घेतले नाहीत.

मला आनंदच झाला. "बघा! किती सरळ माणूस!"

"म्हणून तर घाबरलो. त्याचा दवाखाना त्याच्या बापानं बांधून दिलाय. त्याच्या डोक्यावर हप्ता नाही, तुझ्या असणार." मग त्यांनी यल्लाप्पाकाकांची गोष्ट काढली. काका अप्पांचे जोडीदार. सावकाराचं देणं वाढलं तशी डबल ड्यूटी करायला लागले, आणि थकून बद्द वाजलेलं चाकही शाबूत समजून पुढे जायला लागले. "देणं असलं की बद्द वाजलेलं पण खणखणीत ऐकू येतंय गे. तुला चांगला दात किडका दिसणार."

माझ्या अंगाची आग आग झाली. इतके दिवस मला वाटत होतं की अप्पांचा संशय बँकेवर आहे, डॉक्टरांवर आहे. तो माझ्यावरच होता.

मग प्रश्न सुरू झाला. "हप्त्याची तारीख आलीय, खिसा रिकामा आहे, आणि कुणी चांगला दात काढ म्हणतोय. काढशील?"

"नाही."

दुसऱ्या दिवशी जेवताना पुन्हा तोच प्रश्न. "नाही!" मी ताडकन म्हणाले. अप्पांनी मान हलवली. "लई लवकर आलं उत्तर."

सहीचा शेवटचा दिवस उजाडला. अप्पांनी परत विचारलं, आणि माझा तोल गेला. "मला काय माहीत, अप्पा! रिकाम्या खिशानं कधी दवाखान्यात बसलेय मी? एवढा संशय असेल तर त्या वेळी तुम्हीच येऊन बघा की!"

अप्पांनी उठून टोपी घातली. "चल, बँकेत जाऊ."

१९८५ साली हुबळीतच, केशवापुरात मी जुनी खुर्ची घेऊन दवाखाना थाटला. हप्त्याची तारीख आली की अप्पा सिटी बसनं यायचे, पेशंटांच्या बाकावर बसायचे, आणि पाळी आली की तीच दाढ दाखवायचे. "काढ ही." मी आरशाच्या दांड्यानं ठोका द्यायची. "दगड आहे. घरी जा." ते उठून बस पकडायचे. सुरुवातीला मला राग यायचा. पण कुणी ठणठणीत दात काढून टाका म्हणून हट्ट धरायचं, आणि भाडंही थकलेलं असायचं, तेव्हा बाकावरची ती टोपी बघून बरं वाटायचं.

कर्ज फिटलं, तरी त्यांच्या फेऱ्या थांबल्या नाहीत. मग एकदा मी नेहमीसारखा ठोका दिला आणि अप्पा कळवळले.

"अप्पा, ही खरंच काढायला हवी."

त्यांनी तोंड मिटलं. माझ्याकडे रोखून बघत राहिले. "नवीन कर्ज काढलंस काय?"

"नाही."

ते उठून बाकावर जाऊन बसले. मी पुढचा पेशंट तपासला, हात धुतले. तेवढ्यात बाकावरून परत आवाज आला, "भागीरथी, कर्ज काढलंस काय?"

"नाही, अप्पा."

ते आपणहून उठले, खुर्चीत येऊन बसले, टोपी काढून मांडीवर ठेवली, आणि तोंड उघडलं.