खळ्याबाहेरची कॅशिअर

आमच्या दवाखान्यात कॅशिअरची जागा रिकामी झाली, तेव्हा मी केसपेपरच्या खिडकीवर बसत होते. बी.कॉम. होऊन केसपेपर लिहायचे! बडेबाबू, म्हणजे आमचे मुख्य हिशेबनीस, एरवी गोड माणूस; पण बाईच्या हाती तिजोरीची किल्ली म्हटलं की ते लगेच विषय बदलायचे.

सत्तरचं दशक सरत आलं होतं. मोठ्या डॉक्टरांनी तेव्हा एक नवीनच टूम काढली. खेड्यात आजारपणाला पैसा नसतो, पण सुगीत ज्वारी असते. तर दर घरानं सुगीत दवाखान्यासाठी थोडी ज्वारी द्यायची, आणि वर्षभर त्या घराला औषधपाणी फुकट. कल्पना झकास, पण ज्वारी आणायला जाणार कोण? हापिसातले सगळे बाबू एकदम कागदांत डोकं खुपसून बसले. "आम्ही काय वासुदेव आहोत, दारोदार धान्य मागायला?"

"मी जाते," मी म्हटलं.

बडेबाबू हसले. "जा. ज्वारी भरून आणली तर कॅशिअरची खुर्ची तुमची. रिकामी जीप आली, तर खिडकीतून उठायचं पुन्हा नाव काढायचं नाही."

मी मास्तराची पोर, वर्धा शहरात वाढलेली. ज्वारीची आणि माझी ओळख भाकरीपासून पुढची. गिरडच्या वाटेवरच्या एका गावात जीप थांबली. समोर शेणानं सारवलेलं खळं, मधोमध ज्वारीची टपोरी रास, माप सुरू व्हायच्या बेतात. मी पर्स सावरत, चपला वाजवत थेट राशीपाशी गेले.

"अवं बाई! चपला घालून खळ्यात काऊन येऊन राह्यली?"

ज्याचं खळं तो म्हातारा केवढ्यांदा ओरडला! चपला तर चपला, वरून मापाच्या वेळी खळ्यात बाईमाणूस चालत नाही, आणि मी तर थेट राशीपाशी! मी अशी मागे पळाले की एक चप्पल तिथंच राहिली. गड्यांनी ती काडीनं उचलून माझ्याकडे भिरकावली. ड्रायव्हर तोंडावर रुमाल धरून हसत होता, मेला. आता ज्वारीची गोष्ट काढायची कुठल्या तोंडानं?

मी गावातल्या पारावर जाऊन बसले. राग आणि रडू, दोन्ही एकदम येत होतं. डोळ्यांपुढे ती खिडकीच दिसत होती. तेवढ्यात त्या म्हाताऱ्याची बायको पाण्याचा गडवा घेऊन आली.

"कायले आलती व माय?"

मी सगळं सांगितलं, खुर्चीचंसुद्धा. ती पदर तोंडाला लावून हसायला लागली. "खळ्यावरची ज्वारी बुढ्याची. पण घरात आली का कोठी माही. तिथं त्याचं काई चालत नाई. गेल्या सालची हाये अजून. थांबजो इथंच."

बघता बघता बाया निघाल्या. कुणी टोपलं आणलं, कुणी सूप, एकीनं तर लुगड्याच्या ओच्यात. मी पारावर चादर पसरली. बुढीनं घरून पायली आणली आणि मी मापायला बसले. एकीनं हळूच विचारलं, "बाळंतपण यात येते ना?"

"येतं की."

"मंग हे घे अजून एक सूप. सून बी हाये, लेक बी हाये!"

सगळ्या खो खो हसल्या. तिकडे खळ्यावरची माणसं माना उंच करून पाहत होती. पाहा म्हटलं, पाहा!

संध्याकाळी दवाखान्याच्या अंगणात पोती उतरली. बडेबाबू पाहतच राहिले. पण शब्दाचे पक्के. सकाळी किल्ली माझ्यापुढे ठेवून म्हणाले, "घ्या, ज्वारीबाई." पुढे ऐंशीच्या दशकात मी त्यांच्याच खुर्चीवर बसले, हाताखाली बाबू आले, मुली आल्या, तरी मी ज्वारीबाईच राहिले. मला ते नाव अजून आवडतं.

दुसऱ्या सुगीत त्याच गावी गेले. यंदा चपला जीपमध्येच काढल्या आणि खळ्याबाहेर शहाण्यासारखी उभी राहिले. तोच म्हातारा स्वतः पुढे आला.

"तिथं काऊन उभी? सून आमच्या दवाखान्यात बाळंत झाली, नातू खेळून राह्यला. ये आत. पयली पायली तूच माप."

आमच्या दवाखान्यात, म्हणाला! पहिली पायली मापताना 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात, एवढं आता मला कळत होतं. मी हात पुढे केला, आणि बुढी दिसली. बाहेर, कडेला, नातू कडेवर घेऊन उभी. माझी खुर्ची जिच्या कोठीतून आली ती.

"बाबाजी, मी नंतर. आधी बुढीला बोलवा."

गड्यांचे हात थांबले. मला वाटलं, आता पुन्हा चप्पल भिरकावतात की काय! म्हाताऱ्यानं एकदा राशीकडे पाहिलं, एकदा बायकोकडे.

"ये मंग," तो म्हणाला.

तिनं नातू माझ्या हाती दिला, पदर खोचला, आत गेली, पायली काठोकाठ भरली आणि साऱ्या गावाला ऐकू जाईल अशी ओरडली, "लाभ!"

'दोन' मी म्हटलं.