वरच्या मजल्यावरचं दुसरं कोर्ट

ती केस आठवली की आजही अंगावर काटा येतो. आठवणी निवृत्त लोकांनी लिहायच्या असतात, माहितीये मला. पण मी निवृत्तच आहे! वय तेहतीस. पुण्याहून शिकायला आयर्लंडमध्ये आले, इथेच राहिले, गार्डा झाले. इथे पोलिसाला गार्डा म्हणतात. चार वर्षं युनिफॉर्म घातला आणि एका पाठलागात गुडघा असा गेला की डॉक्टरांनी कायमचं घरी बसवलं. तर बसल्या बसल्या लिहितेय. नाव कुणाचंच घेणार नाही, गावाचंसुद्धा नाही.

आमचं गाव छोटं. मेन स्ट्रीट, एक शाळा, एक मेडिकल डिव्हाइसची फॅक्टरी, आणि तिथे काम करणारी आपली मराठी मंडळी. शाळेसमोर एक आजोबा गोल 'थांबा' पाटी लावलेली काठी घेऊन पोरांना रस्ता ओलांडून द्यायचे. इथे त्यांना लॉलीपॉप मॅन म्हणतात, कारण ती पाटी तशीच दिसते. वीस-बावीस वर्षं एकच माणूस, एकच कोपरा. एका सकाळी, शाळेची घंटा होऊन गेल्यावर, त्यांना एका गाडीनं उडवलं आणि गाडी न थांबता गेली. कंबरेचं हाड मोडलं. आजोबांना त्यातलं काहीही आठवत नव्हतं. पोरं शाळेत गेलेली, आईबाप कामावर, कॅमेरा नाही. बेकरीतला माणूस आवाज ऐकून बाहेर आला तोवर रस्ता रिकामा.

पोलिसांकडे माहिती नसते तेव्हा गावाकडे खूप असते. दोन दिवसांत गावात सुरू झालं की म्हातारा आता थकलाय, बघितलं नसेल, रस्त्यात उतरला असेल तसाच. मी हॉस्पिटलमध्ये स्टेटमेंट घ्यायला गेले तर आजोबाच मला विचारतात, मी पाटी वर केली होती का गं? ते म्हणाले, माझ्या मागे एखादं पोर असतं तर? त्यांना हाडापेक्षा तेच जास्त दुखत होतं.

तिसऱ्या दिवशी स्टेशनला फोन आला. डेस्कवरच्या सार्जंटनं फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाला, तुझ्या देशातलं काहीतरी आहे. फॅक्टरीतली एक इंजिनियर, मराठी मुलगी. तिची आई बाळासाठी कोल्हापूरकडून आलेली, तीन महिन्यांच्या व्हिसावर. मुलगी कुजबुजत होती. म्हणाली, आईनं काहीतरी बघितलंय, तीन दिवस धड जेवत नाहीये, पण पोलीस म्हटलं की आत जाऊन बसते.

मी साध्या कपड्यांत गेले. मावशी साठीच्या पुढच्या, साडीवर मुलीचं फ्लीसचं जॅकेट. चहा दिला, बिस्किटं दिली, माझं माहेर विचारलं, लग्न का नाही केलं तेही विचारलं, आणि मग म्हणाल्या, "शाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये, पोरी."

त्यांचे मालक, म्हणजे नवरा, एका केसमध्ये साक्षीदार होते. कुणाच्या तरी मारामारीची केस. अकरा वर्षं तालुक्याच्या कोर्टात गेले. सकाळी डबा घेऊन जायचे, संध्याकाळी तारीख घेऊन यायचे. एकदाही पिंजऱ्यात उभं केलं नाही. "बोलायचंय बोलायचंय म्हणत ऱ्हायले. साक्षीचं बोलावणं आलं तवा त्यांचं वर्षसराद झालं हुतं."

मी काय केलं? छाती ठोकून सांगितलं की मावशी, इथे तसं नसतं. अजून लाज वाटते त्या वाक्याची.

मग त्या उठल्या, भिंतीवरचं मराठी कॅलेंडर काढून आणलं. कोल्हापूरहून बॅगेत घालून आणलेलं, एकादशी-चतुर्थीवालं. त्या तारखेच्या चौकोनात पेन्सिलीनं, मराठी आकड्यांत, गाडीचा नंबर! मधली इंग्रजी अक्षरं चित्रासारखी काढलेली. आणि खाली बारीक अक्षरात: 'पाटी वर. गाडी थांबली नाही.'

मावशी साखर कारखान्याच्या गेटवर पंचवीस वर्षं कामाला होत्या. आत येणाऱ्या प्रत्येक ट्रॅक्टरचा नंबर लिहायचा आणि शेजारी शेरा. नुसता नंबर म्हणजे अर्धी नोंद. त्या सकाळी बाबागाडी घेऊन शाळेसमोर उभ्या होत्या, आजोबा खास त्यांना पलीकडे न्यायला रस्त्यात उतरले होते. रोज दोघं एकमेकांना 'ग्रँड', म्हणजे इथलं 'मस्त', म्हणायचे, तेवढीच त्यांची भाषा. "माझ्यासाठी उतरलं हुतं ते," म्हणाल्या, आणि मग रडल्या.

ते पान मी पुरावा म्हणून पिशवीत घातलं. स्टेशनमध्ये सगळे त्याभोवती जमले, जणू शिलालेख सापडलाय. मी नंबर वाचून दिला, कॉम्प्युटरनं मालक सांगितला. गावातला वजनदार माणूस. इथे नाव घ्यायचं नसेल तर 'युअर मॅन' म्हणतात, मीही तेच म्हणते.

चौकशीला तो वकिलासोबत आला, टाय लावून. बोलायला बांधील नाही, बोललात तर लिहून घेतलं जाईल, हे सगळं नियमाप्रमाणे सांगितलं. एक गोष्ट मी शिकले होते. खरं सांगणारा माणूस अडखळतो, आणि खोटं सांगणारा न विचारलेलंही सांगतो. यानं सकाळी किती टोस्ट खाल्ले तेही सांगितलं, त्या रस्त्याला गेलोच नाही म्हणाला. मी त्याच्या गाडीच्या डाव्या आरशाचा फोटो पुढे ठेवला. आरसा कोरा, उजवा जुना. बसवणारं गॅरेज शेजारच्या गावात सापडलं होतं. वकिलाशी पाच मिनिटं बोलून आला आणि सूर बदलला. हो, गेलो होतो, पण म्हातारा एकदम समोर आला, पाटी खाली होती, मला वाटलं खांबाला घासलं.

म्हणजे आता सगळं एकाच गोष्टीवर. पाटी वर होती की खाली? आणि ते सांगू शकणारं माणूस जगात एकच, आणि तिचा व्हिसा संपत आलेला.

केस उभी राहीपर्यंत मावशी परत गेल्या. पुढच्या वर्षी दुसऱ्या नातवासाठी आल्या, तेव्हाच सांगितलं, गुडघे गेलेत, ही शेवटची खेप. व्हिडिओवर साक्ष चालेल का विचारलं, पण मिळेलच अशी खात्री कुणी देईना. आमच्या गावात जज एक गुरुवार सोडून, म्हणजे दोन आठवड्यांतून एकदा यायचे. एकच जज, चार गावं. सकाळी नोटीस बोर्डावर यादी लागायची ती तीन पानांची. त्यात दारूचं लायसन्स, भांडणं, विम्याशिवाय गाडी चालवणं, घटस्फोटातली पोरं, सगळं. जज वाईट नव्हते हो. जेवायचे नाहीत धड. पण आमच्या केसमध्ये आरोपीनं गुन्हा नाकारलेला, दोन तास लागणार, म्हणून ती मागे मागे. पहिल्या गुरुवारी चार वाजता पुकारा झाला: वेळ नाही, पुढची तारीख. दुसऱ्या गुरुवारी तेच. दुभाषी बाई डब्लिनहून बसनं येऊन बसनं परत.

मावशींनी एका शब्दानं टोमणा मारला नाही. दुसऱ्या वेळी फक्त डबा उघडला, मला थालीपीठ दिलं आणि म्हणाल्या, "खा. मालकांचा डबा पण असाच परत यायचा."

तिसरा गुरुवार. रविवारी त्यांचं विमान. यादी परत तीन पानं, आमची केस शेवटच्या पानावर. मी कॉरिडॉरमध्ये भिंतीला टेकून, मनात शिव्या. आजोबा काठी घेऊन बाकावर, मावशी शेजारी. युअर मॅन फोनवर हसत होता. त्याच्या वकिलाला विमानाची तारीख माहीत होती, हे मला त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

आणि अकरा वाजता कोर्टाची क्लार्क बाहेर आली आणि म्हणाली, यादीचं तिसरं पान वर जाईल. वर? वर काय आहे? वर जुना मीटिंग हॉल होता. ती म्हणाली, नवीन जज आल्यात, आजपासून दोन कोर्टं बसणार. जज वाढवणार हे मी बातम्यांत वाचलं होतं. बातमी म्हणून वाचलं आणि विसरले. ती बातमी अशी जिन्यावरून आपल्याला हाक मारेल असं कुणाला वाटतं?

लिफ्ट नाही. मोडक्या कंबरेचे आजोबा आणि गेलेल्या गुडघ्यांच्या मावशी, दोघं एकेक पायरी चढतायत, एकमेकांसाठी थांबतायत, आणि मी मागे. मला तर देवळाच्या पायऱ्या चढल्यासारखं वाटत होतं.

हॉलमध्ये घडीच्या खुर्च्या, खडखडणारा हीटर, भिंतीवर जुन्या फुटबॉल टीमचा फोटो. टेबलामागे एक बाई, चाळिशीच्या. त्यांनी मावशींना खुर्ची द्यायला सांगितली. वकील उठला आणि म्हणाला, ही केस लांब चालेल, पुढची तारीख घेतली तर बरं. जजनी घड्याळाकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाल्या, "माझ्याकडे दुपार आहे."

एवढंच. दुपार आहे! मी त्या कोर्टांत कितीतरी वाक्यं ऐकली असतील, पण असं एकही नाही.

मावशी तासभर बोलल्या. वकिलानं डोळ्यांबद्दल, पावसाबद्दल, वयाबद्दल विचारलं. त्या दुभाषी बाईंचं संपेपर्यंत शांत थांबायच्या. मग जजनी कॅलेंडरचं पान मागवलं आणि विचारलं, नंबर समजला, पण खालचं वाक्य का लिहिलं? मावशी म्हणाल्या, "नंबराला शेरा लागतो, बाईसाहेब. न्हाईतर उद्या कुणीबी कायबी म्हणंल." दुभाषी बाईंनी सांगितल्यावर जजनी पेन खाली ठेवलं आणि ते पान जवळ ओढलं.

निकाल त्याच दुपारी. दोषी. लायसन्स गेलं, शिक्षा झाली. पण मला आठवतं ते वेगळं. जज आजोबांकडे वळून म्हणाल्या, "तुम्ही जिथे असायला हवं होतं तिथेच होतात, आणि पाटी वर होती." आजोबांनी टोपी काढून तोंडावर धरली. त्यांचे खांदे हलत होते. पावणेदोन वर्षं तो माणूस स्वतःलाच आरोपी समजत होता, आणि ते एका वाक्यात सुटलं. मी युनिफॉर्ममध्ये रडायचं नसतं हे विसरले.

मला वाटायचं, आम्ही पुरावा नीट आणला की न्याय होतोच. पिशवी, सील, सही, स्टेटमेंट. या केसनं शिकवलं की पुरावा दार उघडायची वाट बघत बाहेर बाकावर बसलेला असतो, डबा घेऊन, आणि आत ऐकायला एक माणूस मोकळा नसेल तर तो तसाच म्हातारा होतो.

उतरताना आजोबा म्हणाले, ग्रँड. मावशी म्हणाल्या, ग्रँड. मग जिन्याच्या मध्यावर कठड्याला धरून थांबल्या आणि मला विचारलं, ह्या बाई आधी कुठं हुत्या? मी सांगितलं की सरकारनं जज वाढवले, आपल्या भागाला एक जास्तीच्या मिळाल्या.

"एकच वाढवल्या?"

एकच, म्हटलं.

त्या वरच्या बंद दाराकडे बघत राहिल्या. "आमच्या तालुक्याला एक वाढवला असता," म्हणाल्या, "तर मालक बोलून गेले असते."