लंगडी म्हणायचं नाही

मळवली स्टेशनापासून डोंगराच्या पायथ्याच्या खाणीपर्यंत एक आखूड लाईन टाकलेली होती. तिच्यावरून माणसं जात नसत, खडी जाई. एक म्हातारं इंजिन आणि त्याच्यामागं थोड्याशा वाघिणी. लाईन भातखाचरांच्या कडेनं गेलेली, त्यामुळं खाचराच्या अंगाचा रूळ दर पावसाळ्यात दबायचा आणि गाडी एका कुशीवर कलून, अडखळत चालायची. तिला ‘लंगडी’ हे नाव माझ्या वडिलांनी ठेवलं.

वडील त्याच लाईनीच्या गँगात होते. दबलेला रूळ पहारीनं उचलायचा, खाली खडी ठासायची, ढिले झालेले खिळे ठोकायचे, हे त्यांचं रोजचं काम. नावं ठेवण्याची त्यांना भारी खोड. मोठ्या लाईनीवर पुण्याच्या अंगाला उतार, तिकडं गाडी हलकी धावायची, म्हणून ती ‘माहेरची लाईन’. लोणावळ्याच्या अंगाला चढ, तिकडं इंजिन धापा टाकायचं, म्हणून ती ‘सासरची’. मळवलीला न थांबता धूळ उडवत जाणारी मेल म्हणजे ‘आंधळी’. ही नावं बाया पाणवठ्यावर घेऊन गेल्या, तिथून ती शेजारच्या गावांत गेली. “लंगडी गेली का रं?” असं विचारूनच लोक बैलगाड्या रुळांपलीकडं घालत. स्टेशनातले बाबूसुद्धा तेच म्हणायला लागले होते. वडील हे ऐकून मिशीतल्या मिशीत हसायचे.

दुसरं महायुद्ध सुरू होण्याच्या काही वर्षं आधीची ही गोष्ट. मी तेव्हा नुकती परकर नेसायला लागले होते. श्रावण चालू होता आणि दिवसभर झड लागलेली. खाणीपाशी भरलेल्या वाघिणी चढावर उभ्या होत्या, चाकांखाली लाकडाचे घुटके देऊन. वडील खाली, रुळाशी वाकून, पाठमोरे काम करत होते. भिजून मऊ झालेला एक घुटका निसटला आणि शेवटची वाघीण आवाज न करता सरकत आली. पावसाच्या आवाजात त्यांना काही कळलं नाही. गँगातल्या माणसांनी ओरडून सांगितलं तेव्हा ते बाजूला झाले, पण एक पाय मागं राहिला.

आम्हांला कळलं तेव्हा त्यांना हातट्रॉलीवर घालून स्टेशनात नेलेलं होतं. आई खाचरातली भाताची लावणी टाकून तशीच चिखलाच्या पायांनी धावली. पुण्याकडं जाणाऱ्या गाडीत त्यांना चढवलं आणि त्यांच्याबरोबर आईही चढली. मी आजोळी, बेडशाला राहिले. मामा आठवड्याच्या बाजाराला गेले की खबर आणत. पहिल्यांदा म्हणाले, “जगतोय.” मग म्हणाले, “पाय काढला.”

भातं कापणीला आली तेव्हा वडील परत आले. एका गुडघ्याखाली काही नव्हतं, काखेत कुबडी होती. मला वाटलं होतं ते मला उचलून घेतील. त्यांनी फक्त डोक्यावर हात ठेवला, आणि तोल जाऊ नये म्हणून तो लगेच काढून घेतला.

त्यांना कामावरून काढलं नाही, हे आमचं नशीब. खाणीची लाईन गाडीवाट ओलांडायची तिथं एक फाटक होतं. त्या फाटकावर त्यांना बसवलं. गाडी यायच्या वेळी साखळी ओढायची, झेंडी दाखवायची, बैलगाड्या थांबवायच्या. दुपारची भाकरी मी नेऊन द्यायचे.

तिथंच माझ्या लक्षात आलं की कुणी ‘लंगडी’ म्हणत नाही. गाडीवान यायचे, बैलांचे कासरे ओढायचे आणि विचारायचे, “भाऊ, ती… गाडी गेली का?” एक जण तर “लं” एवढं बोलून खोकत बसला. आमच्या अंगणात पोरं लंगडी खेळायची, तीही आता दिसेनात. पलीकडच्या आळीत जाऊन खेळायची. एकदा मी विचारलं तर माझी मैत्रीण म्हणाली, “तुज्या आईनं सांगितलंय. तुमच्या दारात खेळायचं न्हाई.”

आईनं घरोघर जाऊन सांगितलं होतं. लेकीसुनांना, म्हाताऱ्यांना, स्टेशनातल्या हमालांनाही. पदर पसरून म्हणाली होती, “त्यांच्या कानावर त्यो शब्द पडू देऊ नका.” आणि गावानं तिचं म्हणणं राखलं. सणाला, तमाशाला, भांडणालासुद्धा कुणी चुकलं नाही. इतकं एकमतानं वागलेलं आमचं गाव मी नंतर कधी पाहिलं नाही.

वडील मात्र गप्प होत गेले. नवीन नाव ठेवणं बंद झालं. आंधळी मेल धडधडत गेली तरी ते तिच्याकडं बघत नसत.

मग एका दुपारी मी भाकरी घेऊन फाटकाशी गेले तेव्हा तिथं गवताच्या दोन बैलगाड्या थांबलेल्या होत्या. वरच्या ठाकरवाडीतली एक म्हातारी डोक्यावर मोळी घेऊन उतरली. ती पावसाळ्यापासून लेकीकडं घाटाखाली राहिलेली, नुकतीच परतलेली; आईचा निरोप तिच्यापर्यंत पोचलेला नव्हता. साखळीपाशी थांबून ती म्हणाली,

“भाऊ, लंगडी गेली का रं?”

दोन्ही गाडीवानांनी माना खाली घातल्या. मी भाकरीचं फडकं घट्ट धरून उभी राहिले. म्हातारीची नजर तेवढ्यात वडिलांच्या पायाकडं गेली आणि तिनं तोंडावर हात नेला.

“आगं माय! म्या काय बोलले…”

वडील म्हणाले, “न्हाई मावशी. यायची हाय अजून. बसा. मोळी उतरवा.”

तिला त्यांनी स्वतःच्या मडक्यातलं पाणी दिलं. ती पाणी पीत असताना ते गाडीवानांकडं वळले. त्यांचा आवाज चढला नव्हता, पण मला भीती वाटली.

“येकदाच तुटला माजा पाय. तुमी रोज तोडताय. मला बगून जीभ चावता. मला का कळत न्हाई? गाडीचं नाव म्या ठेवलंय. लंगडी म्हना तिला. ती लंगडीच हाय, आन मी बी हाय.”

थोरला गाडीवान, पांढऱ्या मिशांचा, डोळे पुसत म्हणाला, “भाऊ, तुजी कारभारीण दारात येऊन रडलीवती रं.”

हे वडिलांना ठाऊक नव्हतं. कुबडी टेकवून ते दगडावर बसले. गाडी आली, गेली, साखळी उघडायला त्यांना उशीर झाला आणि कुणीही घाई केली नाही.

त्या दिवशी घरी आल्यावर ते आईला म्हणाले, “कशापायी गावापुढं पदर पसरलास?”

आई तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही.

“तुमी दवाखान्यात झोपेत बडबडत व्हता. लंगडी आली, लंगडी आली म्हणून वरडत व्हता. म्या धरून ठेवायची तुमास्नी. मला न्हाई ऐकवत त्ये नाव.”

वडिलांनी सुपातला एक खडा उचलून बाहेर टाकला आणि म्हणाले, “मग तू नको म्हनू. गावाला म्हनू दे.”

तसंच झालं. हळूहळू नाव परत आलं. आधी म्हाताऱ्यांच्या तोंडी, मग पोरांच्या. अंगणातली लंगडीही परत सुरू झाली. वडील उंबऱ्यात बसून कोण बाद झालं ते सांगायचे, आणि त्यांच्या निवाड्यावर पोरं भांडायची. आई त्या वेळी परसात निघून जायची. त्या दिवसानंतर तिनं मरेपर्यंत तो शब्द उच्चारला नाही. खाणीकडची गाडी तिच्या लेखी ‘ती’ होती. वडिलांनी तिला त्यावरून कधी डिवचलं नाही. त्यांच्यासारख्या माणसाला ते सोपं गेलं नसणार, असं मला आता वाटतं.

लढाई चालू असताना खाण बंद पडली. लोखंडाची गरज होती, म्हणून लाईन उखडून नेली. गँगातली जुनी माणसं रूळ काढायला आली होती. वडिलांनी त्यांना चहा करून पाजला. आई त्या दिवशी खाचरातच होती. तिथून सगळं दिसत होतं, पण ती पाठ करून भात झोडत राहिली.

वडिलांची बदली बेगडेवाडीच्या बाजूला, मोठ्या लाईनीवरच्या फाटकावर झाली. तिथं राहायला एक खोली मिळाली. माझं लग्न झालेलं होतं. पहिल्यांदा मी तिथं गेले तेव्हा आईनं खोलीच्या कुडावर घेवड्याचा वेल चढवला होता. वडील फाटकाजवळ एका दुधवाल्याला कुठल्याशा गाडीचं नवं नाव सांगत होते, आणि दुधवाला सायकल धरून हसत होता. आईनं मला वेलाच्या शेंगा तोडून दिल्या आणि म्हणाली, “कोवळ्या हायत. आजच करून खा.”