कोऱ्या खिळ्यांचा घोळ

चहा ओतलाच आहे, तं माह्या गाढवपणाचंही ऐकून घ्या!

अमरावतीच्या आमच्या जुन्या छापखान्यातल्या लोकांचा मेळावा ठरला. छापखाना कधीचाच बंद पडला, पण आमी शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवणारे अजून जित्ते आहो! माही सून प्रणाली वेबसाइट बनवते. मेळाव्याचीही तिनंच बनवली. नाव नोंदवा, मंग नाव टाकून जेवणाचा पास पाहा.

'वासुदेव' नोंदवलं. सकाळी पास पाहाले गेलो, तं म्हणे, 'हे नाव सापडले नाही.' पुन्हा नोंदवलं. पुन्हा तेच! किती डाव केलं, ते विचारू नका.

सुनेले विचारू? हट्! मले चोर माहीत होता. मेळाव्याचा म्होरक्या कोण? परतवाड्याचा शालिक! छापखान्यात माह्या शेजारी खिळे जुळवे अन् माह्याच डब्यातला ठेचा खाय. माह्याशिवाय मेळावा? अकोल्याहून निघालो, दर्यापुरात बस बदलली अन् थेट त्याच्या दारात.

"काहून बे शालक्या, माहं नाव कापलं?"

"मी कायले कापू? माहंच सापडून नाही राहिलं!"

मोबाइल दाखवला. खरंच! आता आली का पंचाईत? झक मारून सुनेले फोन लावला, स्पीकरवर.

"बाबा, नावाच्या मागंपुढं कोरी जागा काहून सोडता तुमी?"

"सोडाच लागते! ओळीच्या टोकाले कोरे खिळे ठोकले नाही, तं अक्षरं सांडतात!"

"हाव!" शालिक मागून ओरडला. "उस्ताद बोटावर पट्टी मारत!"

दोघांनीही आपापल्या अंगठ्याकडे पाहिलं. उस्ताद गेले, खिळे भंगारात गेले, अन् आमचे अंगठे अजून कोरे खिळे ठोकूनच राहिले. मोबाइलवर! कधी दोन, कधी चार.

प्रणाली हासली. "कॉम्प्युटर कोरी जागाही अक्षरासारखीच मोजते, बाबा. दरवेळी तुमाले नवा माणूस समजला तो. थांबा, प्रोग्रॅममध्ये एक ओळ टाकते. मागचीपुढची कोरी जागा आपोआप छाटली जाईल."

छाटली. दोघांचीही नावं सापडली! मी मिशीवर हात फिरवला, तं फोनमधून पुन्हा आवाज.

"बाबा, शालिककाका दोनदा आले. पण वासुदेव सात आहेत, सातही सारखेच! आचाऱ्याले सात पानं सांगू, का एक ठेवून बाकीचे कापू?"

शालिक माह्याकडे पाहूनच राहिला.

"काप बाई," म्हटलं.

त्यानं चहाचा कप पुढं सरकवला. "घे. अन् आता सांग, कोण कापून राहिलं बे तुहं नाव?"